वेढ्यातले घोडे

मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं काढणं हे बाहेरून वाटतं तितकं गोड काम नाही. मी निम्मं आयुष्य ते केलं आणि आता राजे, तह, तलवारी आणि मुलं या सगळ्यांचाच मला सारखा कंटाळा आला आहे. कंटाळा म्हणजे राग नव्हे. पाठदुखीसारखा तो सोबत असतो. त्याला घेऊन ऑफिसला जायचं आणि त्याला घेऊनच घरी यायचं.

आमच्या प्रकाशनाची एक पद्धत आहे. पुस्तक छापायच्या आधी त्याच्या झेरॉक्स प्रती काही शाळकरी मुलांना वाचायला द्यायच्या आणि शनिवारी दुपारी त्यांना गोदामात बसवून मतं विचारायची. गोदामात अशासाठी, की ऑफिसात मालक असतात, आणि मोठं माणूस दिसलं की मुलं 'पुस्तक फार प्रेरणादायी आहे' असलं काहीतरी बोलायला लागतात. पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर पाय हलवत बसली की खरं बोलतात. मी ऐकून घेते आणि संध्याकाळी लेखकाला फोन करते. लिहून पाठवायचं नाही, हा माझाच नियम. मुलांचं बोलणं कागदावर उतरवलं की फार कडू दिसतं, फोनवर जरा सांभाळून घेता येतं.

आमच्या सगळ्या लेखकांत जुने म्हणजे काका. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि मग लिहायला लागले. कान फार पूर्वीच गेलेले, पण मशीन लावायला तयार नाहीत. 'मला चांगलं ऐकू येतं, लोकच पुटपुटतात,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे फोन काकू घ्यायच्या. मी एकेक मत सांगायची, त्या 'हं, हं' करायच्या आणि शेवटी 'सांगते हं मी त्यांना नीट' म्हणून फोन ठेवायच्या.

आणि पुढचं पुस्तक आलं की मला कळायचं, पालथ्या घड्यावर पाणी. मुलांनी म्हणावं लढाया फार लांबतात, तर लढाया तेवढ्याच लांब. मुलांनी म्हणावं तुमचा नायक कधी घाबरतच नाही, तर नवा नायक जुन्याहून शूर. आणि वर घोडे. दर पुस्तकात आधीच्यापेक्षा जास्त घोडे. काळे, पांढरे, अबलख, पंचकल्याणी. एकदा घोडा आला की गोष्ट दोन पानं जागची हलायची नाही. त्याची आयाळ, त्याचे खूर, त्याच्या नाकपुड्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की म्हातारा हट्टी आहे. मालकांनी ती पुस्तकं तरीही छापली, कारण काकांच्या नावावर शाळा घेत होत्या.

आता शाळा घेत नाहीत. या वेळचं हस्तलिखित मी मालकांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी ते उघडलंही नाही. म्हणाले, "मुलांनी हो म्हटलं तर हे एक छापू. नाही म्हटलं तर प्रेमाने परत करा. त्यानंतर काकांची मालिका बंद."

प्रेमाने परत करायचं काम अर्थातच माझं.

पुस्तक एका वेढ्याचं होतं. तटबंदीचं एक गाव, बाहेर शत्रू, आत माणसं आणि संपत चाललेलं धान्य. काकांनी त्यासाठी कित्येक वर्षं जुने कागद उपसले होते. काकू म्हणाल्या होत्या, "या पुस्तकात त्यांचा जीव अडकलाय. याच्यानंतर ते लिहितील असं मला वाटत नाही." मी ते वाचलं होतं. माझ्या मताला आमच्याकडे किंमत नाही, पण मला ते परत करावं लागणार याची खात्री होती.

शनिवार यायच्या आत काकांचाच फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी बोलतोय. नातीने माझ्या कानात मशीन बसवून दिलंय. या वेळी मुलांना आमच्याकडे घेऊन या. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, कशाला त्यांना त्रास? त्या सांगतील ना फोनवर."

"तू थांब जरा," काका म्हणाले. नाही म्हणायला अंगात जोर लागतो. माझ्या नव्हता.

तीन मुलं घेऊन मी बसने निघाले. एक चष्मिस, जी वाचते खूप आणि बोलते थोडं. एक रेडिओ, ज्याचं उलट आहे. आणि एक वकीलबाई. तिला हे नाव मीच दिलं. ती लेखकाला कधी चांगलं-वाईट म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारते, आणि लेखकाची पळता भुई थोडी होते. बसमध्ये मी त्यांना सांगितलं, आजोबा म्हातारे आहेत, जरा जपून बोला.

"म्हणजे खोटं बोलायचं?" वकीलबाईने विचारलं.

"नाही. हळू बोलायचं."

"हळू बोललं तर त्यांना ऐकू येईल?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

काकांचं घर पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर पुस्तकांची चळत, आणि भिंतीवर त्या गावाचा हाताने काढलेला नकाशा. विहिरी, धान्याचं कोठार, तबेला, सगळं शाईने दाखवलेलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

काकू मुलांना सतरंजीवर बसवत होत्या, उठवत होत्या, पुन्हा बसवत होत्या. "आधी खाऊन घ्या रे. मग बोला. नाहीतर बोलायचं राहू दे आज, गप्पाच मारू," असं त्यांचं चाललं होतं.

"अगं, बोलू दे त्यांना," काका म्हणाले. मग मुलांकडे वळून प्रेमाने म्हणाले, "आधी मला हे सांगा, या वेळी घोडे पुरले ना? का कमी पडले?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कमी?" रेडिओ म्हणाला. "आजोबा, मी घोडा आला की पान उलटायचो. खूप पानं उलटली मी." मी त्याच्याकडे डोळे वटारले तसा तो घाईने म्हणाला, "म्हणजे घोडे छान आहेत. पण सगळे सारखेच आहेत."

काका जरासे हसले. त्यांना वाटलं पोरगा गंमत करतोय. त्यांनी चष्मिसला विचारलं, "आणि तुला गं?"

"ती बाई आहे ना, मुलांना दिवसासुद्धा झोपवून ठेवते, भूक लागू नये म्हणून. आणि स्वतः जागी बसते. ते प्रकरण मी परत वाचलं. बाकीचं एकदाच वाचलं."

"त्या प्रकरणात घोडेच नाहीत," काका म्हणाले. त्यांना त्याची जणू खंत होती.

"आजोबा, मी एक विचारू?" वकीलबाई सरसावून बसली. तेव्हाच मी उठून मुलांना घेऊन निघायला हवं होतं. "गावात खायला काहीच उरलं नव्हतं ना?"

"काहीच नाही. चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले लोकांनी."

"आणि घोडे होते?"

"तबेला भरून होते." काकांनी नकाशाकडे बोट केलं. "हा बघ."

"मग लोकांनी घोडे का नाही खाल्ले?"

काकांचा हात नकाशाकडेच राहिला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"खाल्ले," ते म्हणाले. "अगदी सुरुवातीलाच खाल्ले. आधी म्हातारे, मग शिंगरं, मग सगळेच. जुन्या कागदांत स्पष्ट लिहिलंय. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांनाच मारायला लावले. ज्यांनी लहानाचे मोठे केले त्यांनाच."

"पण तुमच्या पुस्तकात तर ते शेवटपर्यंत धावतायत."

"तुम्हाला आवडतात म्हणून ठेवले, बाळा."

"आम्हाला?" रेडिओ म्हणाला. "आम्ही कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही. तुमच्या आधीच्या मुलांनी. दर पुस्तकाच्या वेळी. घोडे अजून हवेत, घोडे अजून हवेत." काका माझ्याकडे वळले. "हो ना? तुम्हीच तर फोनवर सांगायचात."

मी विचार न करता बोलून गेले. "नाही काका. घोड्यांचं कधी कुणी काही बोललं नाही."

बोलल्यावर मला काकू दिसल्या. हातात बिस्किटांची बशी घेऊन त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इतकी वर्षं घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळत नव्हतं. आता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

काकूंनी मुलांच्या हातात बशी दिली आणि त्यांना बाहेर जिन्यात बसून खायला सांगितलं. मुलं निमूट गेली. मग त्या खाली सतरंजीवरच बसल्या.

"मीच सांगायचे," त्या म्हणाल्या. "पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी खरं सांगितलं होतं. आठवतंय? मुलं म्हणाली होती, हे आजोबा ओरडून शिकवल्यासारखं लिहितात. त्यानंतर तुम्ही पेन खाली ठेवलंत ते कित्येक महिने उचललं नाहीत. जेवायचा नाहीत, बोलायचा नाहीत. मला वाटलं, हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार. मग पुढच्या वेळी फोन आला आणि सांगण्यासारखं चांगलं काही निघेना. फोनच्या वर बँकेचं कॅलेंडर होतं, त्यावर घोडा होता. मी म्हटलं, मुलांना घोडे फार आवडले. तुम्ही उठलात आणि चहा मागितलात."

"आणि त्याच्या पुढच्या वेळी?" काकांनी विचारलं.

"तेव्हाही घोडेच सांगितले. मला दुसरं काय कळतंय त्यातलं?"

काका रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मुलं खरंच काय म्हणायची ते सांगा. सगळ्या पुस्तकांचं."

मी सांगितलं. लढाया लांबतात. नायक घाबरत नाही. बायका कुठे जातात कळत नाही. हरलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते तुम्ही सांगत नाही. इतक्या वर्षांची मतं माझ्या लक्षात होती याचं माझं मलाच नवल वाटलं. मी सांभाळून घेतलं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. काका मान खाली घालून ऐकत होते आणि मधे मधे 'बरोबर आहे' म्हणत होते. ते 'बरोबर आहे' ऐकणं मला सगळ्यात जड गेलं. कारण हा माणूस हट्टी नव्हता. सांगितलेलं सगळं ऐकणारा होता, आणि त्याने दर वेळी, जिवापाड मेहनत करून, एका कॅलेंडरचं ऐकलं होतं.

"हे परत लिहितो," शेवटी ते म्हणाले. "घोडे पहिल्या प्रकरणातच मारले जातील. ती बाई पुढे येईल. मोतद्दाराचं लिहायचंच राहिलंय. मला वर्षभर लागेल. मालक थांबतील ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. थांबतील म्हणा, असं त्या डोळ्यांनी मागत होत्या, आणि म्हणू नका, असंही. थांबतील म्हणणं किती सोपं होतं. मी तर घरी जाऊन झोपले असते. काकूंनी तरी याहून वेगळं काय केलं होतं?

"नाही थांबणार," मी म्हटलं. "मालिका बंद करायची ठरलीय, काका. हे पुस्तक आता छापलं जाणार नाही. वर्षाने लिहिलंत तरी आमच्याकडे नाही."

बाहेर जिन्यात रेडिओ काहीतरी सांगत होता आणि दोघी मुली हसत होत्या. काकांनी ते जरा वेळ ऐकलं.

"म्हणजे घाई नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलावरचं हस्तलिखित उचललं, सतरंजीवर बसलेल्या काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी, गुडघे धरून, कष्टाने खाली बसले.

"तू वाचलंयस हे?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मागची दोन पुस्तकंही वाचली नाहीत. मला घोड्यांचा कंटाळा आला होता हो."

त्यावर त्या रडायला लागल्या. काकांनी त्यांना रडू दिलं. मग पहिलं पान काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच मोठ्याने. जिथे कंटाळा येईल तिथे थांब."

काकूंनी पदराने डोळे पुसले, चष्मा शोधून लावला आणि वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या.