डोमाजीचा फोटो

राग म्हणजे काही भाकर नव्हे, की दुसऱ्या दिवशी कडक झाली आणि तिसऱ्या दिवशी ढोरापुढं टाकली. मनकर्णाबाईनं आपला राग आठ वर्षं सांभाळला आणि त्याला शिळा होऊ दिला नाही. पोहरखेडच्या बौद्ध वस्तीतले लोक म्हणायचे, म्हातारी दगड झाली. झाली तर झाली! कोणामुळं झाली, ते कोणी विचारत नव्हतं.

गोष्ट सुरू होते अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात. वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला सव्वा वर्ष झालं होतं. मेलेलं ढोर ओढायचं नाही, हे तेव्हापासून ठरलेलं. गावातल्या खुशालराव पाटलाच्या घरची माणसं नाकाला धोतर लावून स्वतःच आपली ढोरं गाडीवर घालून नेत होती, आणि वस्ती ते बघून मनातल्या मनात हसत होती. अशात अमरावतीच्या एका कॉलेजातले राजूरकर नावाचे प्राध्यापक गावात आले. धर्म बदलल्यावर खेड्यातला माणूस किती बदलतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. अभ्यासाला पैसा अर्धा दिल्ली सरकारचा, अर्धा अमेरिकेच्या सरकारचा. शाळेच्या एका खोलीत त्यांनी बिऱ्हाड केलं आणि घरोघरी फिरून प्रश्न विचारू लागले.

मनकर्णाचा नवरा डोमाजी बोलका माणूस. राजूरकर त्याच्याच ओसरीवर बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी डोमाजीच्या घरचा चहा घेतला, तोही घरच्याच कपात. डोमाजीची सगळी हयात दुरून ओंजळीत पाणी पिण्यात गेलेली. त्याला वाटलं, आपल्याला माणूस भेटला. आठवडाभर तो ज्याला त्याला सांगत सुटला, "माह्या घरचा चहा पेला मास्तरानं!"

मग एक दिवस पाटलाचा बैल मेला. राजूरकर गळ्यात कॅमेरा अडकवून आले.

"डोमाजी, पूर्वी तुम्ही लोक ढोर कसं ओढत होता, तेवढं नुसतं दाखव. दोर हातात धर, बस्स. पुस्तकात 'पूर्वीची रीत' असं लिहून टाकतो. तुमच्या नातवंडांना कळायला हवं, बापजाद्यांनी काय सोडलं ते."

मनकर्णा आतून ओरडली, "कायले हात लावता? सोडलं म्हंजे सोडलं!"

"अवं, दोन मिनिटाचं काम हाये," डोमाजी म्हणाला. "मास्तर मानूस हाये. नाई कसं म्हनू?"

गेला बिचारा. दोर धरला, कमरेत वाकला, आणि कॅमेऱ्यानं टिक् केलं. त्या एका टिक्‌नं त्याचा जन्म वाया घालवला.

पावसाळा संपता संपता अमरावतीत त्या अभ्यासाचं प्रदर्शन भरलं. डोमाजीच्या चुलतभावाचा पोरगा धर्मपाल तेव्हा अमरावतीला शिकत होता. वस्तीतून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. मित्रांबरोबर प्रदर्शन बघायला गेला, तर समोर दाराएवढा फोटो. डोमाजी, दोर आणि बैल. खाली लिहिलेलं, "धर्म नवा, धंदा जुना. पोहरखेड, १९५८." मित्र म्हणाले, "धर्मपाल, हे तुझंच गाव ना रे?" आणि हसले. धर्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रीच्या गाडीनं तो गावाला आला आणि सकाळी सगळी वस्ती विहारासमोर बसवली.

"आपन बाबासाहेबांले शब्द देला, अन् ह्या मानसानं तो चोरून मोडला," तो म्हणाला. "पाटलाच्या तुकड्यापायी समाजाचं नाक कापलं!"

डोमाजीनं शपथा घेतल्या. खोटा फोटो आहे, मास्तरानं धरायला लावलं, असं रडून सांगितलं. कोण ऐकतं! फोटो कधी खोटा असतो का, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. त्या दिवसापासून डोमाजीच्या घराशी बोलणं बंद, पाणी बंद, लग्नकार्यात बोलावणं बंद. गावानं आपल्याला शेकडो वर्षं जसं पंगतीतून उठवलं, तसंच वस्तीनं आपल्याच माणसाला उठवलं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. याला काय म्हणावं बाप्पा!

डोमाजी अमरावतीला राजूरकरांच्या बंगल्यावर गेला. म्हणाला, "मास्तर, येकडाव गावात येऊन सांगा, का हे मी तुमच्या म्हनन्यावरून केलं. माह्या घरचा चहा पेल्ले तुमी." राजूरकर व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून एवढंच सांगितलं की आम्ही शास्त्र लिहितो, गावातली भांडणं मिटवत नाही. मग गड्यानं फाटक लावून घेतलं.

तेव्हापासून डोमाजी बोलेनासा झाला. वस्तीतल्या सदतीस घरांशी बोलणारा माणूस, चार वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला. बासष्टच्या उन्हाळ्यात मेला तेव्हा मनकर्णाचे दोन भाऊ अकोल्याहून आले, एक जावई आला. चौथा खांदा मिळेना. वस्तीचे लोक आपापल्या दारात उभे होते. मनकर्णानं पदर खोचला आणि चौथ्या बाजूला स्वतः खांदा दिला. बाईनं खांदा द्यायची रीत कुठं होती तेव्हा? पण तिला अडवायला पुढं कोणी आलं नाही आणि खांदा द्यायलाही कोणी आलं नाही. चालता चालता ती एकेका दाराकडं बघत गेली. कोण कोण उभं आहे, ते तिनं नीट पाहून घेतलं.

मग सहासष्ट साल उजाडलं. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू मिळायचा, त्याच्या पोळ्या चामड्यासारख्या व्हायच्या. त्या गव्हाचे जे रुपये सरकारकडं जमायचे, त्यातले काही अशा अभ्यासांना मिळत, असं लोक सांगायचे. म्हणजे गहू आपणच गिळायचा आणि अभ्यासही आपलाच व्हायचा! तर त्या पैशातून अमरावतीत समाजशास्त्राचं मोठं केंद्र निघणार होतं. देशोदेशीची पोरं तिथं शिकायला येणार होती, आणि त्याचे मुख्य होणार होते राजूरकर. त्या एका फोटोच्या जोरावर ते दोनदा अमेरिकेला जाऊन आले होते. आता तिकडून हॅरिस नावाचे साहेब यायचे होते. त्यांनी पसंती दिली की झालं. पण हॅरिस साहेबांनी हट्ट धरला, त्या फोटोतल्या माणसाला मला भेटायचंय.

म्हणून एका सकाळी राजूरकरांची जीप पोहरखेडला आली. ते मनकर्णाच्या ओसरीवर येऊन बसले. अंग सुटलं होतं, डोळ्याला चष्मा आला होता.

"डोमाजी गेले, फार वाईट झालं," ते म्हणाले.

मनकर्णानं चुलीकडं पाहिलं. तिच्या मनात आलं, चुलीतलं लाकूड काढावं आणि ह्याच्या तोंडावर घालावं. पण लाकडाची जखम चार दिवसांत बरी होते.

"रविवारी साहेब येतील," राजूरकर सांगू लागले. "तुम्ही एवढंच सांगायचं, गरिबी होती, पोटासाठी माझा नवरा ते काम करत राहिला. इंग्रजीत मी सांगतो त्यांना. केंद्रात तुम्हाला काम लावून देईन, म्हातारपणाची सोय होईल."

"सांगतो ना," मनकर्णा म्हणाली. "पन एकटी नाई सांगत. सगळी वस्ती बसवा, तिच्यासमोर सांगतो."

"वस्ती कशाला?"

"मंग साहेबाले खरं कसं वाटन? एकट्या बुढीचं कोन आयकते?"

राजूरकरांना ते पटलं. आठ वर्षांत तिच्या हाकेला कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. तिनं गळा फाडून बोलावलं असतं तरी एक माणूस विहारासमोर बसला नसता. पण जीप आली, साहेब आला, म्हटल्यावर कोण घरात राहतं?

"अन् अकोल्याहून धरमपालले आना," ती म्हणाली. "त्याच्याबिगर वस्ती बसत नाई."

"कोण धर्मपाल?"

"पुढारी हाये आमचा."

राजूरकरांनी मान डोलावली. तो काय करतो, किती शिकला, हे त्यांनी विचारलं नाही. तीन महिने गावात राहून यांनी कोणाकडं किती कोंबड्या ते लिहून नेलं होतं, पण इथलं कोणी इंग्रजी शिकेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. धर्मपाल अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजीच शिकवत होता. त्याला आणायला राजूरकरांनी स्वतःची जीप पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी विहारासमोर सतरंज्या टाकल्या. हॅरिस साहेब खुर्ची नाकारून खालीच बसले, लांब पाय कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. धर्मपाल पुढच्या ओळीत इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. मनकर्णाकडं त्यानं पाहिलं नाही.

मनकर्णा उभी राहिली. 

"माह्या मालकानं दीक्षा घेतल्यावर एकबी ढोर ओढलं नाई," ती म्हणाली. "ह्या मास्तरानं त्याच्या हाती दोर देला. पूर्वीची रीत म्हनून दाखव म्हने. अन् खाली लेयलं भलतंच."

वस्तीत कोणी फारसं हललं नाही. हे त्यांनी डोमाजीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा खोटं ठरवलं होतं. राजूरकरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. साहेबांकडं वळून ते इंग्रजीत शांतपणे बोलू लागले. बाई म्हणतात, घरात फार गरिबी होती. दीक्षेनंतरही नवरा तेच काम करत होता. त्याची त्यांना आता लाज वाटते, म्हणून आवाज चढलाय.

मनकर्णाला त्यातला एक शब्द कळला नाही. ती साहेबांकडं बघतच नव्हती, राजूरकरांकडंही नाही. ती धर्मपालकडं बघत होती. त्याचे कान आधी लाल झाले. मग त्यानं मान वर केली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्याच्या मनात आलं, आमच्या तोंडावर, आमच्याच अंगणात बसून हा माणूस इतकं बेमालूम खोटं बोलू शकतो, तर त्या फोटोखाली यानं काय लिहिलं असेल?

धर्मपाल उठला. आधी इंग्रजीत, मग वस्तीकडं वळून आपल्या भाषेत म्हणाला, "मोठीमाय असं म्हनलीच नाई. हा मानूस खोटं सांगून राह्यला!"

"कोण रे तू? बस खाली!" राजूरकर कडाडले.

पण साहेबांनी हात वर केला आणि धर्मपालला बोलायला सांगितलं. धर्मपालनं मनकर्णाचं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी राजूरकरांना एकच प्रश्न विचारला, फोटो मुद्दाम दोर धरायला लावून काढला का? राजूरकर म्हणाले, ह्या गावात नसेल, पण कुठंतरी तसं होतच असणार, शास्त्रात नमुना लागतो. बोलता बोलता त्यांनाच कळलं, आपण काय कबूल केलं. घाम पुसायला रुमाल काढला, तो हातातून पडला, आणि उचलून द्यायला कोणी वाकलं नाही. साहेब म्हणाले की केंद्राच्या गोष्टी आता दिल्लीला होतील, आणि त्या तुमच्याशी होणार नाहीत. धर्मपालनं तेही सगळ्यांना समजावून सांगितलं. राजूरकर एकटेच जीपकडं चालू लागले.

मनकर्णाच्या छातीत थंडावा आला. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं तिला. डोमाजी भिंतीकडं तोंड करून बसायचा, ते आठवलं आणि आणखी बरं वाटलं.

आता वस्ती तिच्याकडं धावली. शेजारची पार्बताबाई लोटी भरून पाणी घेऊन आली, "घे वं माय, घोटभर घे." कोणी म्हणालं डोमाजीच्या नावानं कार्यक्रम करू, कोणी म्हणालं फोटो विहारात लावू. धर्मपाल तिच्या पायाशी बसला. "मोठीमाय, त्यानं फसवलं आपल्याले."

"तुमाले फसवलं?" मनकर्णा म्हणाली. लोटी तिनं हातानं बाजूला सारली.

तेवढ्यात हॅरिस साहेब पुढं आले. धर्मपालनं त्यांचं म्हणणं सांगितलं, "साहेब म्हनतात, खरी गोष्ट ते नव्या पुस्तकात छापतीन. तुहं नाव टाकू का, म्हनून इचारतात."

"माह्यं नको," ती म्हणाली. "ह्या मास्तराचं टाका. पन तो परका होता, एक डाव खोटं बोलला अन् गेला. ह्याइनं आठ वर्सं रोज त्याच्यावर इश्वास ठेवला, अन् आपल्या मानसावर नाई. माह्या मालकाले चौथा खांदा भेटला नाई. दारात कोन कोन उभं होतं, मले ठावं हाये. पार्बताबाईचं टाका. जयवंताचं टाका. पुंजाजीचं टाका. अन् समद्याइच्या आगुदर धरमपालचं टाका, त्यानंच बसवली होती वस्ती. सांग साहेबाले. जसं बोलली तसंच सांग."

 पार्बताबाईच्या हातातली लोटी तशीच राहिली. धर्मपाल उठला. त्याच्या जागी दुसरा असता तर एखादं नाव गिळून गेला असता, आणि इथं कोणाला कळलंही नसतं. पण समोरच्या बाईला कळलं असतं. त्यानं एकेक नाव सांगितलं. आपलंही सांगितलं.

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, यातला धर्मपाल कोण?

धर्मपालनं मनकर्णाकडं पाहिलं. ती वाट बघत उभी होती.

"मी," तो म्हणाला.