दह्याचा स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय. राखी रंगाचा, लांब बाह्यांचा, छाती बेचाळीस. वय सव्वीस वर्षं. आणि एवढ्या वर्षांत मला कुणी एकदाही अंगात घातलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिने मला नवऱ्यासाठी विणलं. तो बेकरीत भट्टीवर कामाला. त्याने मला अंगाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "भट्टीपुढे स्वेटर? अगं, ब्रेडबरोबर मीही भाजून निघेन."

ती रुसली नाही. त्याच आठवड्यात तिने मला दह्याच्या पातेल्याभोवती गुंडाळलं, दोन्ही बाह्यांची गाठ मारली आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. "ज्याला थंडी वाजते त्याला स्वेटर," म्हणाली.

विकतचं दही त्या घराने पाहिलं नाही. दूध उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात चमचाभर विरजण ढवळायचं, पुढचं काम माझं. यंत्र नको, वीज नको. सकाळी लावलं की संध्याकाळी सुरीने कापावं असं दही. त्यातला पहिला चमचा ती वाटीत बाजूला काढायची, पुढच्या वेळचं विरजण म्हणून. ते मूळ तिच्या आईकडचं. धाकट्या बहिणीनेही नेलं होतं, पण तिच्याकडचं कधीच नासून गेलं.

डब्यात अंधार असायचा. माणसाचं अंग कसं लागत असेल, याचा विचार करायला मला सवड भरपूर होती.

मग तिने अंथरूण धरलं. पडल्यापडल्या त्याला सांगितलं, "करंगळी बुडवायची. दहा मोजेपर्यंत सोसलं की विरजण घाला. सोपं आहे हो." तो नुसती मान हलवत राहिला. चार दिवसांनी ती गेली.

वाटीत तीन चमचे विरजण उरलं होतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी त्याने दूध तापवलं. करंगळी बुडवली, दहा मोजले, विरजण घातलं आणि मला गुंडाळलं. मी हादरलो. पातेलं पोळत होतं. इतकं गरम ते माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पण स्वेटराला तोंड कुठलं? संध्याकाळी पाहिलं तर दूध ते दूधच.

दुसऱ्या वेळी, दुधाने पोळलेल्याने ताक फुंकावं तसा तो जपून वागला. करंगळी बुडवून पन्नासपर्यंत मोजलं. मला मात्र तोच चटका. विरजण पुन्हा मेलं. त्याने पातेलं मोरीत उपडं केलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

आता एकच चमचा राहिला.

त्या रविवारी तिची बहीण कपाट आवरायला आली. तिने मला दोरीवरून उचललं. "भावजी, हा कोरा दिसतोय. कुणाला देऊन टाकू का?"

"तो माझा नाही," तो म्हणाला. "दह्याचा आहे."

ती हसली आणि तिने मला परत दोरीवर टाकलं. ओट्यावर दूध निवत होतं. तो करंगळी बुडवून मोजत होता. चाळीसपर्यंत आल्यावर तिने सहज स्वतःचं बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"भावजी, पोळलं की हो. हात दाखवा बघू."

त्याने दाखवला. तीस वर्षं भट्टीतले पत्रे ओढणारा हात. बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली.

"तिने करंगळीच सांगितली होती," तो म्हणाला.

"ताईने तिची करंगळी सांगितली. तुमची नव्हे."

त्याने करंगळी सदऱ्याला पुसली.

"पातेलं गालाला लावा," ती म्हणाली. "गालावर काही तुम्ही ब्रेड भाजले नाहीत."

त्याने लावलं, दचकला, खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं. चौथ्यांदा त्याने ते काढलंच नाही. डोळे मिटून तसाच उभा राहिला. शेवटी तिनेच चमचा त्याच्या हातात दिला.

मला गुंडाळलं तेव्हा ऊब ओळखीची होती. अगदी मला विणणाऱ्या हातांची.

दिवसभर दोघं डब्यापाशी बसून राहिली. त्याने दोनदा झाकणाला हात घातला, दोनदा ती म्हणाली, "हलवू नका. ताई ओरडली असती." संध्याकाळी त्याने पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. पहिला चमचा त्याने वाटीत काढला, दुसरा बहिणीच्या बरणीत.

आता दर दोन दिवसांनी माझी पाळी असते. संध्याकाळी कामावर निघण्याआधी तो डबा उघडतो, वाकतो आणि माझ्यावर गाल टेकवतो. ऊब किती राहिली ते बघतो, असं बहिणीला सांगतो. दही तर केव्हाच लागलेलं असतं.

माझं एवढंच मागणं आहे. त्या वेळी त्याला कुणी हाक मारू नका.