तीन मोकळ्या ओळी

"नववं पान बदललंय, काचवाले. नवीन घालून घ्या," असं म्हणत सचिवसाहेबांनी कागद पुढे केला, तेव्हा भाषणाला पंचवीस मिनिटं उरली होती.

काचवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मोठे साहेब देशाशी बोलत, तेव्हा त्यांच्यासमोर एक तिरकी काच असायची आणि तिच्यावर मजकूर खालून वर सरकत जायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, साहेब अगदी मनातलं बोलतायत. तो मजकूर सरकवणारी चक्री पडद्यामागे बसलेल्या या गृहस्थांच्या अंगठ्याखाली असे. बावीस वर्षांत मोठे साहेब तीन झाले, काच दोनदा बदलली, अंगठा तेवढा तोच राहिला. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं.

या कामाचा नियम एकच: मजकुराने बोलणाऱ्याच्या मागून चालायचं, पुढे धावायचं नाही. काचवाल्यांनी तो घरीही पाळला. आपण बरं की आपलं काम बरं! उद्याच्या भाषणात काय आहे, हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत ही शिस्त एकदाच मोडली, आणि ती कालच.

काल दुपारी मजकूर भरताना नवव्या पानावर एक वाक्य आलं होतं. 'तिथे अडकलेल्या आपल्या माणसांना आणायला आपलं जहाज निघालं आहे. उद्या संध्याकाळी ते बंदराला लागेल.' काचवाल्यांनी ते चार वेळा वाचलं. युद्ध चाललं होतं त्या देशात त्यांची एकुलती एक लेक नर्स होती. तीन आठवडे ती इस्पितळाच्या तळघरात राहत होती. कचेरीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ज्याच्या घरी घोर लागलाय त्याला चक्रीवर बसवत नाहीत. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी बायकोला सांगून टाकलं. तिने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला.

आता त्याच वाक्यावर लाल पेन्सिलीची रेघ होती.

"हे का काढलं, साहेब?" काचवाल्यांनी विचारलं.

खुर्चीलाच वाचा फुटल्यासारखं सचिवसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "अहो, जहाज पाठवलं म्हणजे आपण एक बाजू घेतली असं होतं. बंदर कुणाच्या ताब्यात आहे? मग परवानगी कुणाकडे मागायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यापेक्षा आपण कुणाच्याच बाजूचे नाही, हे बरं."

"पण माणसं तर आपल्याच बाजूची आहेत ना?"

"त्यांचं बघू नंतर. जहाज अर्ध्या वाटेवरून परत बोलावलंय. तुम्ही पान घाला."

काचवाल्यांनी आधी खिशातला फोन काढला. लेकीचा निरोप सकाळचाच होता. 'तळघर सोडलं. आम्ही तिघी बंदरावर पोचलो. जहाज नक्की कितीला?' त्यांनी लिहिलं, 'जहाज नाही. परत जा.' निरोप गेला नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा गेला नाही. फोन लावला, तर तिचा बंद.

काचेवर येईल ते मोठे साहेब वाचतात, हे काचवाल्यांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या साहेबांनी तर एकदा 'इथे पाणी प्यावे' हेसुद्धा खणखणीत आवाजात देशाला ऐकवलं होतं. वाक्य तसंच राहू दिलं, तर साहेब ते वाचणार. एकदा देशासमोर बोलले, की गिळता येणार नाही. जहाजाला पुन्हा तोंड फिरवावं लागेल. आपली नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. होईना का!

हे सगळं त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं. हाताला मात्र बावीस वर्षांचं वळण होतं. ते विचार करत होते आणि बोटं नवीन पानाप्रमाणे मजकूर दुरुस्त करत होती. बघितलं तर वाक्य गेलेलं. त्या जागी तीन ओळी मोकळ्या राहिल्या होत्या. परत टंकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. काचवाले बसून राहिले. तेवढ्यात भाषण सुरू झाल्याचा आतला दिवा लागला.

"आपण शांततेच्या बाजूचे आहोत," मोठे साहेब बोलू लागले. अंगठा फिरू लागला. आठ पानं सुरळीत गेली. नवव्या पानावर मोकळ्या ओळी आल्या आणि अंगठा थांबला. ठरवून नव्हे. थांबला, एवढंच.

काच कोरी होती. मोठे साहेब कोऱ्या काचेकडे बघत गप्प उभे राहिले. सगळा देश त्यांच्याकडे बघत होता. मग कुणीतरी खोकलं, आणि अंगठा चालू झाला.

आता आपली गच्छंती, असं धरून काचवाले डबा पिशवीत भरत होते, तर सचिवसाहेब हसतच आले. "काय थांबले हो साहेब! युद्धात गेलेल्यांसाठी मौन पाळलं, असं सगळे म्हणतायत. साहेबही खूश आहेत."

घरी बायको टीव्हीसमोर बसली होती. तिने चहाचं विचारलं नाही.

"अहो, ते मधेच थांबले ना, तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील," ती म्हणाली. "मी उठून उभीसुद्धा राहिले."

काचवाल्यांनी पिशवीतला डबा काढून ओट्यावर ठेवला.

"वाक्य होतं ना पण? तुम्ही स्वतः वाचलं होतं ना?"

"होतं."

"मग कुणी काढलं?"

"मी," काचवाले म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि पुन्हा फोन लावू लागली.

तिसऱ्या दिवशी बंदरावर बॉम्ब पडले. जहाजाची वाट बघत आपली एकशे चाळीस माणसं तिथे थांबली होती. जहाज येणार हे कसं कळलं असेल त्यांना, असं टीव्हीवाले एकमेकांना विचारत होते. एकीने दुसरीला सांगितलं असेल, हे काचवाल्यांना विचारावं लागलं नाही. दोन दिवसांनी नावांची यादी आली. लेकीचं नाव सदतिसावं होतं. बायको कोसळली, तिला सोबतीला आलेल्या तिच्या बहिणीने धरलं. काचवाल्यांना रडू येईना. ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले.

सोमवारी ते कामावर गेले. मोठे साहेब शोक व्यक्त करणार होते.

"चौथ्या पानावर त्या दिवशीसारखं थांबायचंय," सचिवसाहेब म्हणाले. "साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. तीन ओळी मोकळ्या सोडा."

काचवाल्यांनी तीन ओळी सोडल्या.

दिवा लागला. तीन पानं गेली. चौथ्यावर काच कोरी झाली आणि मोठ्या साहेबांनी मान खाली घातली. पडद्यामागे काचवाले उभे राहिले. बसून चक्री फिरवायची असते, पण ते उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी ते जुनं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, साहेबांच्या चालीने, सावकाश वाचलं. मग खाली बसून त्यांनी पुढची ओळ वर सरकवली.