गोलामागचा ऊस

कळसाडीच्या पारावर बोलायला काही उरलं नाही की एकच विषय निघतो. हेमकांत मोठा की जामसिंग? दोघे एकाच काळातले, एकाच संघाचे फॉरवर्ड. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिलंही नाही ते यावरून एकमेकांच्या अंगावर जातात आणि शेवटी माझ्याकडे येतात, कारण तेव्हा गोलात मी उभा असायचो. सरावात दोघांचे फटके सर्वांत जास्त मीच खाल्ले.

"मगन आप्पा, आते तरी सांग ना. कोन मोठा?"

मी कधी सांगितलं नाही. हेमकांत गुजरांच्या घरचा, केळी-उसाचा मोठा बागायतदार. तो मारण्याआधी कोपरा बघून घ्यायचा. चेंडू कुठे येणार हे तुम्हाला कळायचं, तुम्ही झेपही त्याच बाजूला घ्यायचात, आणि चेंडू बोटांच्या दोन इंच पुढून निघून जायचा. त्याने एकही सामना चुकवला नाही. स्वतःच्या लग्नात हळदीच्या अंगाने येऊन खेळून गेला. जामसिंग पावरा तोरणमाळकडच्या पाड्यावरचा. तो अनवाणी खेळायचा आणि कोपरा-बिपरा काही बघायचा नाही. माझी डावी करंगळी अजून वाकडी आहे, ती त्याच्या फटक्याने. पण होळी जवळ आली की तो डोंगरात निघून जायचा आणि आम्ही ओळीने सामने हरायचो. आता कोणाला मोठं म्हणायचं?

आमच्या मैदानाचा एक नियम होता. गोलाला जाळी नव्हती आणि मागे बाभळीचं रान. चेंडू आणायला कोणी जायला तयार नसायचं. म्हणून ठरलं की ज्याने मारला त्यानेच आणायचा, आणि चेंडू मैदानाच्या मधल्या खुणेवर आला की मग गोल मोजायचा. नाही आणला तर गोल नाही. या नियमावर आमच्या गावाने कधी तडजोड केली नाही.

यंदा फाल्गुनात तरण्या मंडळींनी ठरवलं की हा वाद एकदाचा मिटवायचा. दोघांनी पाच-पाच फटके मारायचे आणि गोलात मगन आप्पा. जामसिंग बाजाराला खाली उतरला होता, त्याला निरोप गेला. त्याने हसून होकार दिला. हेमकांतने आपलं शेत दिलं. त्याची ऊसतोड चालू होती, बरीच जमीन मोकळी झाली होती. त्याने तोडणीच्या मुकादमाला, दिवाल्याला, सांगितलं की गोलामागे वीस-पंचवीस सऱ्या तशाच उभ्या ठेव, बाकीचा ऊस चारी बाजूंनी काढून टाक.

दिवाल्याला ते पटलं नाही. "भाई, अशी मधमा पट्टी ठेवतस नही. एक कडथून तोडत जावाणं, म्हंजे जनावरले पयाले वाट ऱ्हास. हाई त बेट व्हई गयं."

"दोन दिवसनी गोट शे, दिवाल्या. जाळीनं काम करी."

दिवाल्या कोयता घेऊन कामाला लागला. पण त्याच दिवशी त्याची बायको रूपलीबाई हिने पट्टीजवळच्या बाभळीला बांधलेली लेकराची झोळी सोडली आणि पार शेताच्या दुसऱ्या टोकाला, ट्रॅक्टरच्या सावलीत नेऊन बांधली. तोडणीच्या टोळीबरोबर दोन कुत्री होती. दुसऱ्या दिवशी एकच दिसलं.

खेळाच्या दिवशी सकाळी मी आणि हेमकांत बांबूचे खांब रोवायला गेलो. पाण्याच्या व्हॉल्व्हजवळ चिखल होता. त्यात पंजा उमटला होता, माझ्या तळहाताएवढा. बिबट्याचा. आमच्याकडे तो ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. पंजा ताजा होता आणि पट्टीकडे गेलेला होता. परत येणारा पंजा कुठे नव्हता.

हेमकांत उकिडवा बसला. मग उठला आणि चपलेने पंजा पुसून टाकला.

"मगन, चूप ऱ्हाय. जामसिंग डोंगरमाथून इतला दूर उना. आते मी खेय बंद करा त लोके काय म्हनतीन? हेमकांत घाबरना."

"आन् लोके येतीन त्यासनं काय?"

"इतला गलबलामा कोनतं जनावर थांबस रे? पयी जाई."

मी चूप राहिलो. एवढं मात्र खरं सांगतो, त्याच्या भीतीने नाही. मलाही जाणून घ्यायचं होतं. पस्तीस वर्षं लोक मला विचारत होते आणि माझ्याकडेच उत्तर नव्हतं.

चार वाजता शेत माणसांनी भरलं. हलगी वाजत होती. मी गोलात उभा राहिलो, पाठ उसाकडे. समोर सगळा गाव, आणि माझ्या पाठीमागे दहा पावलांवर ती पट्टी. वारा नव्हता. तरी मधूनच एखादं पान पानावर घासल्याचा आवाज यायचा आणि थांबायचा.

पहिला फटका जामसिंगचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अजून अनवाणी. चेंडू कधी गेला ते मला दिसलंच नाही. तो उसात शिरला, चेंडू आणला, खुणेवर ठेवला. मग हेमकांत. त्याने कोपरा बघितला, मी झेपावलो, दोन इंचांनी हुकलो. तो उसात शिरला आणि लगेच बाहेर आला, मी त्याला इतक्या घाईने चालताना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत तसंच. दोघांचे दोन-दोन झाले.

"आप्पा, गोलमा उभा शेस का बुजगावनं शे?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. पाठीमागून एक तितर फडफडत उडाला आणि गावाच्या डोक्यावरून निघून गेला.

तिसऱ्या वेळी जामसिंग उसातून सावकाश बाहेर आला. चेंडू काखेत होता. माझ्याजवळून जाताना थांबला आणि ओठ न हलवता बोलला.

"मगन, आतमा दोन पिल्ले शेत. डोया नुसता उघडेल."

"माय?"

"माय दिखनी नही. म्हंजे ती मले देखी ऱ्हायनी."

पुढे जाऊन त्याने हेमकांतच्याही कानाशी तेच सांगितलं. मला हेमकांतचा चेहरा दिसत होता. त्याने मान हलवली, कोपरा बघितला आणि तिसरा गोल मारला. आत गेला, आला. तीन-तीन.

चौथ्या वेळी जामसिंगने पायाच्या चवड्याने चेंडू हळूच माझ्या हातात दिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पावराले थकवा उना!" जामसिंग हसत बाजूला झाला. त्याने काय ठरवलं होतं ते मला कळलं. चेंडू उसात गेलाच नाही तर कोणाला आत जावं लागणार नाही. हेमकांतचा चौथा फटका बांबूला लागून परत आला. जामसिंगने पाचवाही माझ्या हातात दिला. आता हेमकांतनेही तेच केलं असतं तर तीन-तीनवर सगळं थांबलं असतं आणि सगळे घरी गेले असते.

हेमकांतने कोपरा बघितला.

मी उजवीकडे झेपावलो. खरंच झेपावलो. तेवढी झेप मी तरणेपणीही घेतली नसेल. चेंडू बोटांच्या पुढून गेला, उसात शिरला, आणि आत कुठेतरी मऊ कशावर तरी पडल्यासारखा आवाज आला.

हलगी जोरात सुरू झाली. "चेंडू आन! चेंडू आन!" सगळा गाव टाळ्या वाजवत होता. हेमकांत माझ्या बाजूने उसाकडे निघाला तेव्हा मी जमिनीवरूनच ओरडलो, "थांब! बिबट्या शे आठे! सकायमा पंजा देखा मी, दोन्ही जनसनी देखा!"

गाव हसायला लागला. "गोल खादा आन् आते आप्पाले बिबट्या दिखना!" दुसरा म्हणाला, "सकायपशी काय झोपेल व्हता का?" मी उठेपर्यंत हलगी माझ्या आवाजावरून निघून गेली होती. सकाळी चार शब्द बोललो असतो तर हा खेळच झाला नसता.

जामसिंग धावत आला आणि त्याने हेमकांतचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे भो. मी मोजी लिधा तुन्हा गोल. तूच मोठा."

"तू मोजीसन काय व्हस? गावनी मोजाले पायजे." हेमकांतने हात सोडवला आणि आत गेला.

तो चालत होता तिथले शेंडे हलत होते, ते आम्हाला दिसत होतं. मग दुसऱ्या बाजूचे शेंडे हलले. आवाज नव्हता. ती रेघ सरळ त्याच्या रेघेकडे आली. टाळ्या एकेक करून थांबल्या. हलगीवाल्याला सर्वांत शेवटी कळलं.

जामसिंगने माझ्या गोलाचा बांबू उपटला आणि ओरडत आत शिरला. आतून जे आवाज आले ते मी लिहीत नाही. तो हेमकांतला पाठीवर घालून बाहेर आला तेव्हा दोघांचे सदरे एकाच रंगाचे झाले होते, आणि कोणतं रक्त कोणाचं ते कळत नव्हतं.

हेमकांत वाचला. मान आणि उजवा खांदा शिवला, तो हात आता वर जात नाही. जामसिंगच्या गालावर तीन रेघा आहेत. तो दुसऱ्या दिवशी डोंगरात गेला आणि अजून उतरलेला नाही. वनखात्याच्या माणसांनी पिल्लं एका क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवली, आई घेऊन जाईल म्हणून. सकाळी क्रेट रिकामा होता. मग पट्टी तोडली. चेंडू सापडला. हवा गेलेली होती, आणि त्यावर बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या.

हेमकांत खाटेवरून रोज विचारतो, "मगन, गोल मोजा का गावनी?" मी सांगतो, चेंडू तू आणला नाहीस. तो भिंतीकडे तोंड करतो. कोण मोठा हे मला आता कळलं आहे, पण ते त्याला खाटेजवळ बसून सांगायला माझी जीभ उचलत नाही. पारावरही आता मला कोणी विचारत नाही.

शेजारी शांतीलालचा ऊस अजून उभा आहे. तो तोडायला टोळी मिळत नाही. मी रोज सकाळी त्याच्या बांधावरच्या ओल्या सरीपर्यंत जातो. पंजा दिसला की पुसत नाही, भोवती दगड मांडतो आणि घरोघर जाऊन सांगतो. मोठ्या पंजाच्या बाजूला दोन लहान असतात. गेल्या महिन्यात ते रुपयाएवढे होते. आज मी लहान पंजावर दोन बोटं ठेवून बघितली, पंजा बोटांबाहेर आला.