भिंतीकडचं टेबल

गिऱ्हाईक मला काय म्हणून हाक मारतं, त्यावरून मी त्याचा स्वभाव ओळखते. काकू म्हणणारा पंचविशीच्या आतला. ताई म्हणणारा माझ्याच वयाचा, पण ते त्याला मान्य नसतं. मावशी म्हणणाऱ्याला भात जास्त हवा असतो. आणि नुसतं 'अहो' म्हणणाऱ्याचं घरी काही चालत नाही, हे मी लिहून देते.

बावीस वर्षं मी या खानावळीत वाढपाचं काम करते. बिचारी दमत असेल, असं लोकांना वाटतं. पाय दमतात, खोटं कशाला बोलू. पण मला हे काम मनापासून आवडतं. एक वकील रोज काही ना काही खोट काढतात. खोट सापडली नाही तर त्यांचा चेहरा पडतो, म्हणून मी त्यांचं सूप मुद्दाम जरा कोमट ठेवते. त्यांचा दिवस चांगला जातो. एक नवरा-बायको वेगवेगळं मागवतात आणि मी पाठ फिरवली की ताटं बदलतात. एक पेपरवाले आहेत, म्हणजे पेपर विकणारे नव्हेत, वाचणारे. समोर भूकंप झाला तरी ते मान वर करणार नाहीत, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतील. अशी चाळीस-पन्नास माणसं दुपारभर माझ्या हाताखालून जातात आणि मला वाटतं, माझं घर केवढं भरलेलं आहे.

खरं घर म्हणजे एक खोली. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर घड्या केलेले कपडे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा दूर असतो, दर रविवारी फोन करतो, असं मी सगळ्यांना सांगते. काय वाढू, असं ज्याला विचारावं असं घरी कुणी नाही, तिथे मी फार एकटी असते. म्हणून सुट्टीचा दिवस मला खायला उठतो.

खानावळीत भिंतीला लागून चार छोटी टेबलं होती, एकेका माणसाची. भिंतीकडे तोंड करून बसायचं. त्यातल्या शेवटच्यावर, स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज सव्वा वाजता घड्याळवाले येऊन बसत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने वेळ पाळली तर त्यात नवल नाही, पण मी मनातल्या मनात त्यांचं नावच 'सव्वा' ठेवलं होतं. दुकान त्यांचं पलीकडच्या गल्लीत. माणूस एकटाच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मला 'बाई' म्हणणारा. जेवण झालं की ते मला रोज एक किस्सा सांगायचे. कुणी बाई चालू घड्याळच घेऊन आल्या, नवऱ्याला घाई करता यावी म्हणून दहा मिनिटं पुढे करून द्या म्हणाल्या. कुणाच्या घड्याळात मुंगी निघाली, तीही जिवंत. मी ताटं हातात घेऊन ऐकायची आणि मग मुलगा फोनवर काय म्हणाला ते सांगायची. पाच मिनिटांचं बोलणं. दिवसभर मी त्यासाठी थांबलेली असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा स्वयंपाकघरातून बाहेर येताना मला आवाज ऐकू आला. चमचा सुपाच्या पसरट ताटलीच्या काठावर बारीक वाजत होता. सव्वांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो पटकन मांडीवर घेतला आणि भिंतीकडे बघत राहिले. घड्याळवाल्याचा हात! गल्लीत कळलं असतं तर कुणी त्यांच्याकडे घड्याळ उघडायला दिलं असतं?

मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, त्यांनाही नाही. दुसऱ्या दिवसापासून सूप ताटलीऐवजी खोल वाडग्यात आणलं. पाण्याचा ग्लास अर्धाच भरला. पावाचे तुकडे आतच करून आणले, अंडं सोलून. जाड दांड्याचा एक चमचा शोधून त्यांच्यासाठी बाजूला ठेवला. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. भिंतीसमोर बसणाऱ्याला शेजारच्याचं ताट दिसत नाही, त्यामुळे दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

मग मालकांच्या जावयाने जागा मोजली. छोटी टेबलं निघाली आणि सहा-सहा माणसांची मोठी टेबलं आली. मी मालकांशी वाद घातला, एकट्या माणसांना एकटं बसायला आवडतं म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, एकटं बसायला घर असतं.

पहिल्याच दिवशी सव्वांना कुठे बसवायचं, याचा मी सकाळपासून विचार केला. वकिलांसमोर नको, ते खोट काढतील. शिवणकाम करणाऱ्या बाईंसमोर तर मुळीच नको, तोंडाचा पट्टा सुरू झाला की गावभर होईल. मी त्यांना पेपरवाल्यांच्या समोर बसवलं. दोघांना एकदमच वाढलं आणि निर्धास्तपणे दुसऱ्या टेबलाकडे वळले.

पेपरवाल्यांनी मान वर केली नाही. माझी निवड अगदी बरोबर होती. पण सव्वा बघत होते. समोर काठोकाठ भरलेला ग्लास, यांच्यापुढे अर्धा. समोर ताटली, यांच्यापुढे वाडगा. समोर अख्खा पाव आणि न सोललेलं अंडं. बारीक चाकं-स्प्रिंगा ओळखण्यात जन्म घालवलेला माणूस तो. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे पाहिलं आणि जाड दांड्याचा चमचा उचलून बराच वेळ निरखला. मग तो हळूच खाली ठेवला आणि न जेवता निघून गेले. मी टेबल आवरायला गेले तेव्हा दोघांची भांडी शेजारी-शेजारी आली आणि मला समजलं. कुणीतरी तोंडात मारल्यासारखी मी तिथे उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सव्वा वाजला की माझा डोळा दाराकडे. दुकानाशी जाऊन येण्याचं धाडस मात्र झालं नाही. जाऊन म्हणणार काय? चौथ्या दिवसापासून मी सगळ्या खानावळीतले ग्लास अर्धेच भरू लागले. ते आलेच तर कुणाचा ग्लास वेगळा दिसायला नको. वकील खूश झाले, त्यांना पंधरा दिवस पुरेल एवढी खोट सापडली. मालकांनी विचारलं तेव्हा मी पाणी वाया जातं म्हणून ठोकून दिलं. ताटल्याही बंद केल्या, सगळ्यांना सूप वाडग्यात. एका माणसासाठी मी पन्नास जणांची जेवणं बदलली आणि तो एक माणूस येत नव्हता.

बाराव्या दिवशी ते आले, साडेतीनला. जेवणारं कुणी उरलं नव्हतं, मालक गल्ल्यावर डुलक्या काढत होते. मी ग्लास आणला, सवयीने अर्धाच.

"पूर्ण भरून आणा," ते म्हणाले. मी आणला. "आता बसा."

बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले नव्हते. बसले.

"कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली."

मग ते सांगू लागले. गेलं वर्षभर त्यांनी एकही घड्याळ उघडलं नव्हतं. आलेलं काम काहीतरी सबब सांगून परत पाठवायचे. मुंगी खोटी, दहा मिनिटं पुढे करायला आलेल्या बाईही खोट्या. रोज सकाळी दुकानात बसून ते मला सांगायला किस्सा तयार करायचे, मला संशय येऊ नये म्हणून. आता दुकान बंद केलं होतं आणि रविवारी ते बहिणीकडे राहायला जाणार होते, कायमचे.

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत, कळतं मला," ते म्हणाले. "पण एक शब्द बोलला असतात, तर निदान एका माणसाशी मला खोटं बोलावं लागलं नसतं."

मला रडू आलं. आपण काळजी घेतोय असं समजत मी या माणसाला दोन वर्षं एकटं पाडलं होतं, आणि भिंत काही नुसती टेबलासमोरच नव्हती, आमच्या दोघांमध्येही होती.

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला. पाणी हिंदकळलं, बाहीवर सांडलं, टेबलावर पसरलं. माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. मी तो तिथेच धरून ठेवला. ते सावकाश सगळं पाणी प्यायले.

"आता तुम्ही काहीतरी सांगा," ग्लास ठेवत ते म्हणाले. "खरं असेल ते."

मी मालकांकडे पाहिलं. ते झोपले होते.

"माझ्या मुलाचा दीड वर्षात एकही फोन आलेला नाही," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

"माहीत होतं," ते म्हणाले. "सोमवारी तुम्ही त्या फोनबद्दल फार बोलायचात."

टेबलावरचं पाणी माझ्या बाजूला वाहत आलं आणि पदराला लागलं. मी उठले नाही. साडेचारला मालक जागे झाले, तोवर आम्ही बोलत होतो.