झुवैनाचा अर्धा तास

नझवा शहरातल्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा खलफान बागेत दारं धरून उभा होता. त्याची बायको झुवैना गेली, एवढंच पलीकडचा माणूस म्हणाला. खलफान फावडं तिथंच टाकून निघाला. पाणी भलत्याच वाफ्यात वाहत राहिलं.

तीन दिवस माणसं येत होती. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. मूलबाळ नव्हतं, तिच्या माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. एकट्यापुरता भात किती टाकायचा ते त्याला जमेना. उरलेला शेळ्यांना जायचा.

आठवड्यानं शेजारची म्हातारी गुदय्या आली. दारातच बसली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "झुवैना तुला बोलली का? तिनं आपला पाण्याचा अर्धा तास वक्फ केलाय. मशिदीखालच्या हौदाला. जनावरांना, वाटसरूंना, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना."

"कधी, खाला?"

"रमझानच्या आधी. हौदावर भांडी घासत होतो आम्ही चौघी, तेव्हा म्हणाली."

"आणि पाण्याच्या वहीत?"

"वह्या तुम्ही पुरुष लिहिता, बाबा. तुला सांगायचा तिला धीर होईना. झाडं वाळतील म्हणून."

गावाला फलजचं पाणी. डोंगराखालून येणारा तो पाट प्रत्येकाच्या बागेत आठ दिवसांनी पाळीनं फिरायचा. खलफानचा अर्धा तास त्याच्या बापाकडून आलेला, झुवैनाचा तिच्या बापाकडून. दोन्ही मिळून पाणी खालच्या बारा खजुरींपर्यंत पोचायचं. त्या बाराही झुवैनानं लावलेल्या.

एकदा वक्फ म्हटलं की परत घेता येत नाही, हे खलफानला पक्कं ठाऊक होतं. पण ऐकलेल्या फक्त तीन बायका. तो गप्प बसला तर विचारायला कुणी येणार नव्हतं. गुदय्याही पुन्हा तो विषय काढणार नव्हती.

तो नझवाला इस्लामी बँकेत गेला. बागेत बोअर पाडली तर झाडंही जगतील आणि तिचा शब्दही राहील, असा त्याचा हिशेब. बँक व्याज घेत नाही. स्वतः पंप विकत घेते आणि ठरल्या नफ्यावर तुम्हाला हप्त्यानं विकते. तिथल्या माणसानं सगळं गोडीनं सांगितलं आणि शेवटी एक फॉर्म पुढं केला. बोअरमुळे गावच्या पाण्याला धक्का लागणार नाही, असं फलजच्या कारभाऱ्यानं लिहून द्यायचं.

"आमच्या मुफ्तींचा आग्रह आहे, चाचा. नुसतं व्याज टाळून भागत नाही म्हणतात. शेजाऱ्याच्या तोंडचं पाणीही ओढायचं नाही."

कारभारी हारिब लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं कहवा ओतला आणि कागद न वाचताच सही केली.

"वाच तरी," खलफान म्हणाला.

"तुझ्यावर एवढं कोसळलंय, त्यात मी कागद वाचत बसू? एका बोअरनं काय फलज आटतो?"

"डोंगरापलीकडच्या गावाचा आटला. तिथंही पहिली एकच होती."

"मग सही मागायला कशाला आलास, गाढवा?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं होतं."

हारिबनं त्याचा पेला पुन्हा भरला.

परतताना खलफान हौदाशी थांबला. पाणी तळाला गेलं होतं. एक मजूर वाकून डबा भरत होता, मागं दोघे ताटकळत होते. बोअर पाडली तर हेच पाणी जमिनीखालून त्याच्या बागेत जाणार. झुवैनानं वरून द्यायचं आणि त्यानं खालून ओढायचं. त्यानं फॉर्म तिथंच फाडला, तुकडे खिशात घातले.

पुढच्या पाळीला मात्र त्यानं पूर्ण तासभर दारं धरली. बारा झाडांना पाणी पोचलं तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. त्याच्या पुढच्या पाळीलाही त्यानं तेच केलं. झाडांचं निमित्त होतं. खरं म्हणजे वक्फची नोंद झाली की वहीतलं झुवैनाचं नाव खोडलं जाणार, आणि तिचं नाव आता दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

नोंदीला एकट्या वारसाचा शब्द पुरतो. वही हारिबकडे असते, आणि त्याचं घर शंभर पावलांवर आहे. खलफान अजून गेलेला नाही.