डावीकडचा करडा डाग

"अगं, ऊठ! मागून कोळशाचा ट्रक येतोय. गाडी कडेला घ्यायचीय मला आणि नेमकी तिथेच लोळतेयस तू!"

फेदोतने पावाच्या गाडीचा भोंगा पुन्हा वाजवला. त्याची बायको अक्सिन्या सायबेरियातल्या लेना नदीच्या गोठलेल्या पात्रावर पालथी पडली होती, श्वास रोखून. उणे एकेचाळीसात कॅमेऱ्यावर श्वास पडला की लगेच साय धरते. बर्फातली एक निळी भेग फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून निघून पैलतीराच्या कड्यापर्यंत जायला हवी होती. कोपर चार बोटं सरकवलं, तेव्हा कुठे ती गेली.

"झालं!" ती उठली. गारठलेली बॅटरी काढून तिने काखेत घातली.

"भेग तर भेगच," फेदोत म्हणाला. "कालची काय वाईट होती?"

"काल ऊन कड्यामागे होतं."

"बरं बाई. गाडीत बस, नाक पांढरं पडलंय."

अक्सिन्या शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायची. एकोणीस हिवाळे झाले होते. मुलीने शहरातून जुना कॅमेरा आणि लॅपटॉप पाठवल्यापासून, म्हणजे तीन हिवाळे, पाळी संपली की ती नदीवर जाई. कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग झेपत नाही, तो बर्फाची राख करतो; म्हणून उजेड एक पायरी चढवून ठेवायचा, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. घरी आल्यावर कॅमेरा पिशवीतच दोन तास ठेवायचा, नाहीतर आत पाणी सुटतं, हे मात्र पहिला कॅमेरा गमावून शिकली होती.

जिल्ह्याच्या सांस्कृतिक भवनातल्या कीरा पाव्लोव्नाला प्रदर्शनासाठी पाठवलेला भेगेचा तो फोटो फार आवडला. तिने स्वतःहून फोन केला.

"अक्सिन्या येगोरोव्ना, पूर्ण भिंत देते तुम्हाला. दारातून शिरलं की समोर तुमचीच नदी. फक्त डावीकडचा तो करडा डाग काढा. नजर तिथेच अडखळते."

पूर्ण भिंत! अक्सिन्या त्या संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसली. शेजारचा पांढरा बर्फ उचलून ती डागावर ठेवत गेली, ठिपक्यावर ठिपका. दहा मिनिटांत डाग गेला. फोटो खरोखरच सुंदर दिसू लागला.

पण तो डाग होता तरी कशाचा? कोळशाचं बोट लागलं असेल काचेला, असं आधी तिला वाटलं. मग तिने आदल्या आठवड्याचा फोटो उघडला. तो दुसऱ्या जागेवरून काढलेला होता. बोटाचा डाग असता तर फोटोत त्याच कोपऱ्यात दिसला असता. हा मात्र कड्यावरच्या वाकड्या झाडाला धरून होता. म्हणजे काचेवर नव्हता, नदीवर होता.

ती मागे मागे जात राहिली. सावल्या उजळून पाहिल्या, निळेपणा उतरवून पाहिला. डिसेंबरात तिथे काहीच नव्हतं. नव्या वर्षानंतर ताटाएवढी करडी छटा. आता अंगणाएवढी, आणि रस्त्याच्या बाजूला सरकलेली.

"फेदोत, इकडे ये."

त्याने चहाचा पेला हातात घेऊन पाहिलं. पेला खाली ठेवून तो आणखी जवळ वाकला. "हा तर मी रोज गाडी कडेला घेतो तिथवर आलाय," तो म्हणाला.

बर्फावरच्या रस्त्याचं काम तिचा चुलत भाऊ नेफेद पाही. सकाळी तो लॅपटॉपकडे बघून हसला.

"ताई, बर्फ सव्वा मीटर आहे. मी स्वतः भोकं पाडून मोजलाय."

"कुठे मोजलास?"

"रस्त्यावर, आणखी कुठे?"

"मग आता तिथे मोज."

"फोटो बघून नदी मोजू? लोक हसतील मला."

"हसू देत. गिरमिट मी ओढते, तू नुसता उभा राहा."

एवढं म्हटल्यावर त्याला जावंच लागलं. कंबरेला दोर बांधून तो डागाच्या काठाशी गेला. गिरमिट वीतभर गेलं आणि एकदम पोकळीत शिरलं. काळं पाणी उसळून त्याच्या बुटांवर आलं. फेदोत गाडी लावायचा तिथे बर्फ दीड वीत निघाला. दुपारपर्यंत नेफेदने रस्त्याच्या खुणेसाठी बर्फात रोवलेली सगळी छोटी झाडं उपटून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, किलोमीटरभर दूर नेऊन रोवली.

अक्सिन्याने कीराला डाग असलेलाच फोटो पाठवला.

"अहो, चुकून जुना आलाय!"

"चुकून नाही. तो डाग म्हणजे पाणी आहे. खालून झरा चढतोय बहुतेक."

"असेल. पण बघणाऱ्याला काय त्याचं? प्रदर्शन आहे हे, रस्त्याचं खातं नव्हे. पुसलेला आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. चांगलाही आहे." अक्सिन्या म्हणाली. "पण तो बघितला की वाटतं, इथून गाडी जाईल."

"मग नाही जमायचं," कीरा म्हणाली. वाईट तिलाही वाटलं असावं.

त्या रात्री अक्सिन्या नीट जेवली नाही. "भिंत गेली," एवढंच म्हणाली. फेदोतने गोठलेल्या माशाचे पातळ काप करून तिच्यापुढे सरकवले.

डाग असलेला तो फोटो नेफेदने मागून नेला. शाळेच्या छपाईयंत्रावर छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून त्याने तो नदीवर उतरायच्या जागी फळीवर ठोकला. ट्रकवाले उतरत, बाहीने हिम पुसत, आधी फोटो बघत, मग नदी.

मार्चच्या उन्हात शाई उडू लागली. आधी भेगेचा निळा गेला, मग पैलतीराचा कडा, मग झाडं. रस्ता बंद व्हायच्या आठवड्यात अक्सिन्या तिथे गेली, तेव्हा कागद जवळजवळ कोरा होता. डावीकडचा करडा तेवढा टिकून होता. सगळ्या रंगांत नेमका हाच कसा टिकला, म्हणून ती चष्मा कपाळावर सरकवून कागदाला नाक लावून बघत राहिली. मागे एक ट्रकवाला तिचं बघून होण्याची वाट पाहत उभा होता.